शिळं पाणी

आमच्या घरात पंखा एकच होता, आणि तो बाबांच्या झोपेसाठी होता.

बाबा लालबागच्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. सिनेमाचं मशीन चालवायचे. शेवटचा खेळ सुटला की घरी यायचे आणि चाळीला जाग यायच्या सुमाराला त्यांचा डोळा लागायचा. नायगावची आमची खोली दहा बाय सोळा. पंख्याखाली बाबा, आणि मी नि आई दाराशी, गॅलरीतून येईल त्या वाऱ्यावर. आई परळच्या एका हॉस्पिटलात आया होती. तिला पहिली पाळी असली की घरात मी आणि झोपलेले बाबा. मला काम एकच, आवाज करायचा नाही. धडे मी ओठ हलवून पाठ केले. भांडं ठेवताना आधी करंगळी टेकवायची, मग भांडं. ती सवय अजून गेलेली नाही. ऑफिसात कॉफीचा मग ठेवतानाही करंगळी आधी जाते.

टॉकीजचे चार खेळ होते त्याचे तीन झाले, मग दोन. पगारही त्याच वाटेने गेला. मी आठवीत असताना, सहामाही परीक्षेच्या आठवड्यात, ऐन ऑक्टोबरात आमची वीज तोडली. बाबा घामाने भिजलेल्या चादरीवर उठून बसलेले आणि आई ड्युटीवरून येऊन, साडी न बदलता, त्यांना कॅलेंडरच्या पुठ्ठ्याने वारा घालत होती, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. वॉर्डात उरलेला पाव ती पिशवीत घालून आणायची. गोडसर, मऊ पाव. त्या पावावर माझी दहावी झाली. आज कुणी आवडीने खाताना दिसलं की मी दुसरीकडे बघते.

कुणी हळहळावं म्हणून हे लिहीत नाही. मी आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. आयटीत बी.एस्सी. केलं, आता एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. "म्हणजे नक्की काय करते ओ तुमची सुजाता?" असं चाळीत कुणी विचारलं की बाबा परस्पर सांगायचे, "मशीनं तापू देत नाही. माझंच काम करते, फक्त एसीत बसून."

मुंबईत ऑक्टोबरला ऋतू म्हणून कुणी मान देत नाही. पाऊस गेलेला असतो, थंडीचा पत्ता नसतो, आणि ऊन चार महिन्यांची थकबाकी वसूल केल्यासारखं पडत असतं. पावसात फुगलेली दारं पुन्हा चौकटीत बसायला लागतात. भिंतींना पांढरं मीठ फुटतं. गॅलरीच्या कठड्यांवर गाद्या पडतात आणि अख्ख्या चाळीला जुन्या कापसाचा वास येतो. लालबागेत कागद न लावलेले कंदील, नुसत्या कामट्यांचे, दुकानांबाहेर टांगलेले. दादरच्या फुलबाजारात झेंडूचे ढीग, आणि ढिगांखाली कुजलेल्या पाकळ्यांचा चिखल.

दसऱ्याला आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जायचो. टॉकीजमध्ये त्या दिवशी मशीनला हार घालायचे, नारळ फोडायचे. बाबा त्यात नसत. ते आदल्या दिवशीच मशीन उघडून एकेक चाक स्पिरिटने पुसून ठेवायचे. मॅनेजर विचारायचा, "तुझी पूजा कुठे?" बाबा म्हणायचे, "कालच झाली."

यंदाच्या ऑक्टोबरने मला ट्रान्झिटच्या, म्हणजे नवं घर मिळेपर्यंतच्या तात्पुरत्या इमारतीत गाठलं. नववा मजला. इथे गॅलरी नाही, त्यामुळे गाद्या घरातच राहतात आणि शेजारी कोण राहतं ते लिफ्टमध्ये कळतं. उकाडा मात्र पत्ता न विचारता वर आला. गेल्या रविवारी दुपारी आई टीव्हीखालच्या काळ्या डब्याकडे बघत म्हणाली, "सुजे, वर्ष झालं. पाणी बदलायचं ना त्याचं?"

मी वर्तमानपत्र अंथरलं. बाटली आणली. आईने नरसाळं धुऊन, पुसून, उजेडात धरून बघितलं.

डबा म्हणजे कॉम्प्युटर. सिनेमा बघायचा आणि गेम खेळायचा, मी स्वतःच्या हाताने जोडलेला. बाबांसाठी बांधला, असं मी सगळ्यांना सांगते. ते अर्धंच खरं आहे. कॉलेजात होते तेव्हा नायगाव नाक्याच्या सायबर कॅफेत मैत्रिणी रिझल्ट बघून निघून जायच्या आणि मी मागे रेंगाळायची, पोरांच्या खांद्यांवरून त्यांचे गेम बघत. त्यातले डोंगर, त्यातला पाऊस, एका माणसाचं एकट्याने चालत राहणं. कुणी खुर्ची दिली नाही आणि मी मागितली नाही. ती खुर्ची मला हवी होती. ही माझी अर्धी गोष्ट.

बाबांची अर्धी गोष्ट गेल्या वर्षी जूनमध्ये सुरू झाली. टीव्हीवर एका जुन्या सिनेमाचं गाणं लागलं होतं. बाबा म्हणाले, "पंचवीस आठवडे चालवला मी हा. रोज चार खेळ."

"पाठ असेल मग तुम्हाला."

"पाठ आहे. बघितला नाही गं बाय कधी."

मला वाटलं चेष्टा करतायत. बाबा चेहरा न हलवता चेष्टा करायचे. पण त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि म्हणाले, "हे असं. हे असं दिसायचं मला. केबिनमध्ये मशीन धडाडतंय, कानाशी बोललेलं ऐकू येत नाही. भिंतीला टीचभर काच, त्यातून पडदा पोस्टाच्या तिकिटाएवढा. आणि दर वीस मिनिटांनी रीळ संपणार. कोपऱ्यात ठिपका उमटला की दुसरं मशीन चालू करायचं. मी आयुष्यभर ठिपका बघितला. सिनेमा बघितला पब्लिकने."

"सुट्टीच्या दिवशी खाली खुर्चीत जाऊन नाही बसलात?"

"सुट्टीच्या दिवशी कोण जातंय तिथं?" मग जरा थांबून, "एकदा जायचं होतं. आईला पण घेऊन. राहिलं."

तोवर त्यांचं फुप्फुस निम्मं संपलं होतं. पूर्वी त्या मशीनचा उजेड कार्बनच्या दोन कांड्या जाळून करायचे, केबिनभर धूर. डॉक्टर म्हणायचे विडी, बाबा म्हणायचे कार्बन. दोघंही खरं बोलत असतील. दोन जिने चढायला त्यांना चार थांबे लागायचे. टॉकीज कधीच बंद पडली होती, आणि नव्या थेटरांच्या पायऱ्या, तिथली थंडी, तीन तासांचं बसणं, काहीच त्यांना झेपणारं नव्हतं. त्याच महिन्यात चाळीला नोटीस लागली, दिवाळीनंतर खोल्या रिकाम्या करा. तेव्हा मी मनाशी ठरवलं, बाबांना हा सिनेमा खुर्चीत बसून दाखवायचा. याच खोलीत, मोठ्या पडद्यावर, आणि मशीनचा एक आवाज न येता.

आवाजाचाच सगळा घोळ होता. टीव्हीखाली फळीवर जागा होती ती आईच्या पिठाचा डबा आणि गोळ्यांची पेटी यांच्या मधली. तिथे गोड्या तेलाच्या पत्र्याच्या डब्याहूनही लहान खोकं बसणार. असल्या लहान खोक्यात ताकदीचा कॉम्प्युटर कोंबला की तो तापतो. तापला की पंखे किंचाळतात. उपाय एक, पाणी. तापणाऱ्या चिपवर पोकळ तांब्याची वडी बसवायची, तिच्यातून नळीने पाणी फिरवायचं, ते रेडिएटरमध्ये निववायचं आणि परत आणायचं. मग पंखा इतका हळू फिरला तरी चालतो की कान लावावा लागतो.

लॅमिंग्टन रोडला हनीफभाईंचं दुकान आहे, कॉलेजपासूनची माझी ओळख. यादी वाचून त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, हाथी को माचिस के डिब्बे में बिठाना है, और ऊपर से स्विमिंग पूल भी मंगता है?"

"बसेल. मी मापं घेतलीत."

"मापं सगळेच घेतात. नंतर रडत येतात." तरीही त्यांनी स्वतः खोकं उघडून रेडिएटर आत धरून दाखवला. दोन सूत कमी पडत होतं. मग आतून दुसऱ्या कंपनीचा पातळ काढून दिला. बाटलीतलं तयार पाणी, ज्याला कूलंट म्हणतात, ते त्या दिवशी त्यांच्याकडे फक्त हिरव्या रंगाचं होतं. "रंग से क्या फरक पडता है," ते म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

गणपतीच्या आधीच मी जोडायला बसले. चार रविवार. खोलीच्या मधोमध चादर, त्यावर स्क्रू वाट्यांमध्ये, वाट्या आईच्या. आई ओलांडून जायची, पदर सावरत. एकदा उकिडवी बसून विचारलं, "यात पाणी का घालायचं गं? विजेच्या वस्तूत?"

"तुला नाही कळणार, आई. सोड."

हे वाक्य मी किती सहज बोलले. तेच बाबांनी विचारलं असतं तर मी कागद घेऊन आकृती काढली असती. काढलीही होती. बाबांना मी पंपापासून रेडिएटरपर्यंत सगळं समजावलं, कारण त्यांना कळणार हे मला ठाऊक होतं. मोठ्या टॉकीजच्या जुन्या मशीनला पाण्याचं सर्किट असायचंच. कार्बन धरणारा जबडा वितळू नये म्हणून नळीतून पाणी फिरायचं. मी आधी साध्या शुद्ध पाण्याने सर्किट दोनदा धुतलं, खालच्या तोटीने बादलीत सोडलं, मग हिरवं कूलंट भरलं. पंप सुरू केला तर आतून गुडगुड थांबेना. मी तासभर खटपट केली. बाबा खाटेवरून बघत होते.

"हवा अडकलीय. कलता कर त्याला."

"केला ओ."

"तसा नाही. रेडिएटर वर, तोंड खाली. आता हळूहळू, लहान पोराला ढेकर काढतात तसा."

मी डबा कुशीत घेतला, कलता केला, पाठीवर थोपटलं. नळीतून एक मोठा बुडबुडा चढला, टाकीत फुटला, आणि खोलीत आवाज राहिला तो फक्त बाहेरच्या नळाचा. बाबा नुसते हसले. तसं हसू मी माझ्या पदवीच्या दिवशी पाहिलं होतं, त्यानंतर त्या रविवारी.

पुढचे काही दिवस मी ऑफिसातून आले की गेम लावायची आणि बाबा शेजारी बसून बघायचे. गेममधला माणूस बर्फातून चाललेला, तासन्‌तास.

"याचा खेळ सुटतो कधी?"

"सुटत नाही बाबा. चालूच राहतो."

"मग ऑपरेटर जेवतो कधी?"

सिनेमासाठी दसऱ्याआधीचा रविवार ठरला. खेळ तीनचा. बाबांची अट होती, खेळ वेळेवर सुरू झाला पाहिजे. त्या दुपारी त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. शेजारच्या कदमकाकांची हाताची खुर्ची आणली. आईने खिडकीला चादर लावली. काका दारात उभे राहून म्हणाले, "तिकीट आहे की ओळखीवर सोडताय?" बाबा म्हणाले, "ऑपरेटरच्या घरचे फुकट."

तीनला मी बटण दाबलं. दिवा लागला. एक फस्स आवाज आला, दिवा गेला, आणि वास सुटला. वास ओळखायला मला क्षण लागला, बाबांना तोही लागला नाही. "बंद कर. जळलं काहीतरी."

मी झाकण काढलं. टाकीतलं पाणी पांढरं होतं. स्वच्छ, पांढरं, आपल्या नळाचं. खाली मदरबोर्डवर थेंब.

"कुणी हात लावला याला?"

आई ओट्यापाशी होती. म्हणाली, "पाणी बदललं मी काल. हिरवं झालं होतं गं. तीन आठवडे तेच पाणी."

ज्याने चाळीत दिवस काढलेत त्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. पाणी सकाळी तासभर येतं. आल्याबरोबर आदल्या दिवशीचं शिळं पाणी ओतायचं, भांडं घासायचं, ताजं भरायचं. पिंप, कळशी, माठ, फिल्टर, सगळं. आईने चाळीस वर्षं एक सकाळ हे चुकवलं नाही. पाणी हिरवं दिसलं म्हणजे शेवाळ धरलं, हे तिला लहानपणापासून माहीत. मी सर्किट धुताना तोटी कशी सोडली, वरून कसं भरलं, ते तिने बघून ठेवलं होतं. बाबांचा सिनेमा आहे म्हणून तिने पाणी उकळलं होतं, निववलं होतं, तलम फडक्यातून गाळलं होतं. मग टाकी काठोकाठ भरली, जशी आपण कळशी भरतो. काठावरून सांडलं ते खाली विजेवर. पंप चालवल्याशिवाय पाणी नळ्यांत जात नाही, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी जे बोलले ते लिहिते, कारण ते न लिहिता बाकीचं लिहिणं खोटं होईल. मी म्हणाले, "अडाण्यासारखं वागायचं कशाला? शिकली नाहीस ते नाहीस, निदान विचारायचं तरी."

कदमकाका दारातून निघून आपल्या खोलीत गेले. आईने हात पदराला पुसले. कोरडे होते, तरी पुसले.

बाबा बोलले. प्रत्येक दोन शब्दांना श्वास घेत. "तिने विचारलं होतं, बाय. त्या दिवशी. मी होतो ना इथेच. तू काय म्हणालीस?"

मी काय म्हणाले होते ते तिघांनाही आठवत होतं.

त्यांनी शर्ट काढून स्वतः हँगरला लावला. संध्याकाळपर्यंत खुर्ची तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी मी डबा पिशवीत घालून हनीफभाईंकडे गेले. त्यांनी टॉर्च मारून बघितलं. "बोर्ड गया. बाकी बच गया, नसीब. लेकिन ये नल का पानी किसने डाला?"

"मैंने," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते काही खुळे नाहीत. नव्या बोर्डाची ऑर्डर लिहून घेतली.

नवा बोर्ड येईपर्यंत बाबाच घरात नव्हते. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना धाप लागली ती उतरेना. आईच्याच जुन्या हॉस्पिटलात नेलं. तिथे मी पदवी घेऊन फॉर्म भरत बसले आणि आई वॉर्डात शिरली. सिस्टर तिला मावशी म्हणत होत्या. कुठल्या खिडकीपाशी हवा लागते, कुठली खाट करकरते, नाकातली नळी कानामागे कशी घेतली म्हणजे काचत नाही, सगळं तिला ठाऊक. रात्रपाळीची नवी आया तिला विचारून काम करत होती. मी कोपऱ्यात उभी राहून बघत होते. वीस वर्षांत आई कामावर नेमकं काय करते, हे मी कधी विचारलं नव्हतं. आमच्या चाळीला माझं काम माहीत होतं आणि मला आईचं नव्हतं.

आठ दिवसांनी बाबा घरी आले, ऑक्सिजनचं यंत्र घेऊन. गुडघाभर उंचीचं, चाकांचं. हवेतून ऑक्सिजन काढून नळीने नाकापर्यंत नेतं, दिवसरात्र. आणि त्याचा आवाज. घरघर, मग धप्प, मग घरघर. दहा बाय सोळाच्या खोलीत त्या आवाजाला जायला जागा नव्हती. चाळ रिकामी व्हायला तीन आठवडे राहिलेले, बाबांचा आवाज त्यात बुडायचा, बोलायचं असलं की हात वर करावा लागत होता, आणि माझा न बोलणारा कॉम्प्युटर सुटा पडून होता.

बाबा त्या यंत्राकडे बघून म्हणाले, "केबिन घरी आली."



त्या यंत्राला पाण्याची एक बाटली असते, हवा कोरडी लागू नये म्हणून. तिचं पाणी रोज बदलायचं, उकळलेलं, निवलेलं. आई ते रोज सकाळी करायची, कळशी भरायच्या आधी. एका सकाळी बाटली पुसता पुसता ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "याचं बदलायचं आणि त्याचं नाही बदलायचं. होय ना? का ते?"

मी चहा ठेवला आणि कागद घेतला. तिच्याजवळ जमिनीवर बसून आकृती काढली. पंप, टाकी, रेडिएटर, तांब्याची वडी. यातलं पाणी कुणी पीत नाही, ते बंद असतं, त्यात औषध असतं म्हणून शेवाळ धरत नाही, वर्षाने बदलायचं. रंग मुद्दाम घातलेला. तिने बोटाने नळीची रेघ पुरी फिरवली, निघाली तिथे आणून सोडली.

"सलाईनसारखं नाही. जातं तिथेच येतं."

"हो."

"आधीच सांगायचंस," ती म्हणाली, आणि उठली. मला माफ केल्याचं ती कधी बोलली नाही. मीही माफी मागितली नाही. तोंडाशी यायची आणि परत जायची.

त्याच दिवशी, पोळ्या लाटताना, तिनेच त्या आवाजावर तोड काढली. "ते हवेचं यंत्र बाहेर ठेव की. गॅलरीत."

"आणि बाबा?"

"बाबा आत. नळी लांब करायची. आमच्या वॉर्डात लांब नळ्या असायच्या, पेशंट संडासला जाईपर्यंत. तुझ्या त्या डब्याला नाही का, पंप एकीकडे नि निववायचं दुसरीकडे." मी यंत्राचं पुस्तक काढून बघितलं, मग डॉक्टरांना फोन केला. लांब नळी चालत होती. मी सर्व्हर सांभाळते, आणि हे मला सुचलं नव्हतं.

गॅलरी सगळ्यांची असते. यंत्राला सावली हवी, वारा हवा, आणि तशी जागा कदमकाकांच्या दारासमोर होती. मी विचारायला गेले तेव्हा ते दाढी करत होते.

"म्हणजे तुझा बाप आत सिनेमा बघणार आणि घरघर मी ऐकायची?"

"तीन तास फक्त, काका."

"तीन तास?" साबण लागलेल्या तोंडाने ते माझ्याकडे बघत राहिले. "चाळीस वर्षं त्याचं खोकणं ऐकतोय भिंतीतून. ठेव. आणि खुर्ची घेऊन जा परत."

नव्या बोर्डावर सगळं पुन्हा जोडलं. या वेळी हिरवं पाणी आईने भरलं. नरसाळं तिच्या हातात, पंपाचं बटण माझ्या. मी "बस" म्हणाले की ती थांबायची, पंप चालवला की पातळी खाली जायची, मग ती पुन्हा ओतायची. एक थेंब सांडला नाही. डबा कलता करून मी त्याला थोपटलं. बाबा खाटेवरून म्हणाले, "पाठीवर. पाठीवर."

तो रविवार दिवाळीआधीचा. बाहेर कठड्यांवर अर्धे कंदील आणि अर्धी बांधलेली बोचकी. कापसाचा वास. चाळीचा शेवटचा ऑक्टोबर होता आणि त्यात उकडत होतं ते नेहमीसारखंच. बाबांनी तोच पांढरा शर्ट घातला. तो आता खांद्यांवरून उतरत होता. यंत्र गॅलरीत, नळी उंबऱ्यावरून आत, दारात तिच्याखाली आईने टॉवेल घडी करून ठेवलेला. दार तेवढंच उघडं. घरघर ऐकू येत होती, पण दूरची, बाहेर उभ्या टॅक्सीसारखी. तीनला मी बटण दाबलं.

काही ऐकू आलं नाही. मग पडद्यावर पहिली पाटी आली, आणि संगीत.

बाबा पडद्याकडे बघत नव्हते. डोळे मिटून ऐकत होते.

तो सिनेमा मी सांगत बसत नाही. जुन्या प्रिंटवरून उतरवलेला होता, म्हणून कोपऱ्यातले ठिपकेही त्यात उतरले होते. ते मला माहीत नव्हतं. वीसेक मिनिटं झाली, उजव्या कोपऱ्यात क्षणभर ठिपका उमटला, आणि बाबांचे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर आले. ते उठत होते. नळी ताणली गेली. आईने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बसा. दुसरा ऑपरेटर आहे आज."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मग टेकले. पुढच्या ठिपक्याला फक्त बोटं हलली.

इंटरव्हलनंतर एक प्रसंग आहे. घरात बाप आणि मुलगा समोरासमोर बसतात आणि कुणी बोलत नाही. खूप वेळ. बाबा पुढे झुकले. त्या शांततेत घड्याळाची टिकटिक होती, नुसती टिकटिक, दुसरं काही नाही.

"इथे घड्याळ आहे?" बाबा म्हणाले.

"आहे."

"मला वाटायचं इथे काहीच नाही. ओठ हलत नाहीत, म्हणजे फिल्मवरची आवाजाची पट्टीच इथे कोरी." त्यांना धाप लागली, थांबले. "पंचवीस आठवडे, रोज चारदा, इथे आलं की पब्लिक एकदम स्तब्ध व्हायचं. वरून डोकी दिसायची. एक डोकं हलायचं नाही. मी म्हणायचो, काहीच नाही तर बघतात काय हे."

आईने डोळ्यांना पदर लावला नाही, मीही रडले नाही. आम्ही तिघं घड्याळ ऐकत होतो.

दिवाळीनंतर चाळ सोडली. डिसेंबर लागता लागता बाबा गेले, इथेच, नवव्या मजल्यावर, दिवसाउजेडी. पुण्यानुमोदनाला जुन्या चाळीतले सगळे लिफ्टसाठी रांग लावून आले. कदमकाका डब्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हाच ना तो?" ऑक्सिजनचं यंत्र परत गेलं. आता घरात कशाचाच आवाज नसतो. संध्याकाळी मी गेम लावते, माणूस बर्फातून चालतो, आणि किती वाजले, जेवायचं कधी, हे विचारणारं कुणी नाही. शांत मशीन बांधणं सोपं आहे. त्यातून निर्माण होणारी शांतता सोसायची कशी, याची आकृती मला काढता येत नाही.

गेल्या रविवारी आईने जुनं पाणी तोटीतून बाटलीत सोडलं. वर्षाने त्याचा हिरवा रंग फिकट झाला होता. मला वाटलं ती मोरीत ओतेल. तिने बाटलीला बूच लावलं आणि ती टीव्हीमागे ठेवून दिली. ते पाणी त्या दिवशी फिरत होतं, एवढंच म्हणाली. चाळीस वर्षांत तिने पहिल्यांदा शिळं पाणी ठेवलं.

गेल्या ऑक्टोबरातल्या एका रविवारी, नायगावच्या चाळीत, तीनच्या खेळाला, माझ्या बाबांनी आईशेजारी खुर्चीत बसून एक सिनेमा पाहिला. पहिल्या पाटीपासून शेवटच्या पाटीपर्यंत, आवाजासकट. शेवटच्या ठिपक्याला त्यांची बोटंही हलली नाहीत.